आयदर ऑर सर्व्हायव्हर

चित्रपटाचे परीक्षण लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बी.कॉम. आहे, तोही सेकंड क्लास, आणि गेली बावीस वर्षे बँकेत कारकून आहे. परीक्षणाचा अनुभव म्हणाल तर चेकवरच्या सह्यांचा. सही नमुन्याशी जुळते की नाही ते बघायचे, नाही जुळली तर समोरच्या गृहस्थाला "जरा पुन्हा करता का?" असे म्हणायचे, आणि त्याने "माझी सही मला शिकवता?" असे विचारले की उठून पाणी प्यायचे. एवढ्या भांडवलावर आसिफ कपाडिया या ऑस्कर मिळवलेल्या दिग्दर्शकाच्या चित्रपटावर लिहायचे म्हणजे बचत खात्यातल्या पाचशे रुपयांवर साखर कारखाना काढण्यासारखे आहे. पण असे काढलेले कारखानेही आमच्या बाजूला चाललेले मी पाहिले आहेत. तेव्हा लिहितो.

चित्रपटाचे नाव 'डिएगो मॅराडोना'. साल २०१९. तो मला दाखवला माझ्या पुतण्याने. पुतण्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे असे त्याचे वडील म्हणतात. तो स्वतः लिव्हरपूलला आहे. म्हणजे राहायला कोल्हापुरात, आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर. पण मनाने, जर्सीने आणि जागरणाने लिव्हरपूलला. रात्री दीड वाजता माझ्या डोक्यावरची फरशी धाडकन वाजली की समजायचे, तिकडे इंग्लंडात गोल झाला. दोनदा वाजली तर समजायचे, पहिला गोल रेफरीने रद्द केला.

"काय रे, रात्री बोंबलत होतास ते?"

"काका, आम्ही मागनं येऊन जिंकलो की!"

"आम्ही म्हणजे कोण?"

यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितले, त्या नजरेने फक्त पासबुक भरून न मिळालेला पेन्शनरच बघू शकतो.

मी कॉमर्सचा माणूस. आपलेपणाचाही हिशेब लागला पाहिजे अशी माझी समजूत. म्हणून एकदा विचारले, "मग वर्ल्ड कपला तू इंग्लंडच्या बाजूनं असणार?"

"छे! त्यात मँचेस्टरची पोरं हैत. हरू देत की."

"आणि तुमच्या लिव्हरपूलची जी असतील त्यांचं काय?"

"त्यांनी खेळावं चांगलं. फक्त पाय मोडून घेऊ नये. परत आल्यावर आमची मॅच असते."

मला हसू आले. पण नंतर कळले की यात माझा पुतण्या काही जगावेगळा नाही. खुद्द इंग्लंडात जन्मलेले, वाढलेले, राष्ट्रगीत तोंडपाठ असलेले पुष्कळ लोक अगदी हेच बोलतात. देश दुसरा, क्लब पहिला. देशाच्या सामन्याला ते जातात तेही शेजारणीच्या मुलीच्या लग्नाला जावे तसे. अक्षता टाकतात, जेवतात, पण रडत नाहीत. रडणे क्लबसाठी राखून ठेवलेले असते.

तर मी त्याला म्हटले, बाबा रे, हे काही मला पटत नाही. घर सोडून चाळीचा अभिमान समजतो, पण चाळ सोडून घराचा अभिमान? तो म्हणाला, "काका, तुम्ही हा पिक्चर बघा." आणि लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवला. पुतण्याने सांगितले म्हणून काही बघण्याची माझी ही पहिलीच वेळ. एरवी त्याने सांगितले म्हणून मी फक्त पासवर्ड बदलतो.

चित्रपट नुसत्या जुन्या चित्रफितींतून जोडलेला आहे. पाचशेहून जास्त तासांचे चित्रीकरण दिग्दर्शकाच्या हाती होते. त्यातून दोन तास दहा मिनिटे काढली. पाचशेतून दोन म्हणजे आमच्या कर्ज विभागापेक्षाही कडक छाननी. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. एरवी अशा चित्रपटांत पुस्तकांच्या कपाटापुढे बसून कुणीतरी जाणता माणूस 'त्या काळी असं होतं' असे सांगत असतो. इथे तसे कुणी नाही. बोलणाऱ्यांचे आवाज येतात, माणसे दिसत नाहीत. डोळ्यांपुढे सतत ते दिवसच असतात. मॅराडोना गाडीतून उतरतो, गर्दी त्याला ओढते, दार बंद होते, आणि बघणाऱ्यालाही श्वास कोंडल्यासारखे होते. ही करामत मोठी आहे, आणि ती मान्य करून मगच मी माझ्या तक्रारीकडे वळतो.

गोष्ट अशी. ५ जुलै १९८४ रोजी डिएगो मॅराडोना बार्सिलोना सोडून नापोलीत आला. त्याला नुसता बघायला नेपल्सच्या सान पाओलो मैदानावर पाऊण लाखाच्या आसपास लोक जमले. नापोलीने तोवर इटलीची लीग एकदाही जिंकलेली नव्हती. नेपल्स दक्षिणेतले, गरीब, गजबजलेले बंदर. आणि पैसा, कारखाने, चषक सगळे उत्तरेत, तुरिन आणि मिलानकडे. उत्तरेतल्या मैदानांवर नापोलीचा संघ गेला की तिथले प्रेक्षक फलक दाखवायचे. 'अंघोळ करून या.' कॉलऱ्यावरून घोषणा द्यायचे. एका फलकावर तर 'इटलीत आपले स्वागत असो' असे लिहिलेले असे. आपल्याच देशात आपलेच स्वागत! यापेक्षा शिवी बरी.

नेपल्स एके काळी स्वतंत्र राज्याची राजधानी होते. १८६१ साली इटली एक झाली, तेव्हा ते विलीन झाले. आता विलीनीकरण म्हणजे काय ते आम्हा बँकवाल्यांना विचारा. आमची बँक काही वर्षांपूर्वी एका मोठ्या बँकेत विलीन झाली. पाटी बदलली, व्हाउचरचा रंग बदलला, कॅलेंडरवरचा देव बदलला. पण चहाच्या वेळी आजही जुने एका टेबलावर आणि नवे दुसऱ्या टेबलावर बसतात, आणि 'आपली बँक' असे कुणी म्हटले की पहिल्यांदा 'कुठली?' हा प्रश्न डोळ्यांत येतो. काही वर्षांत आमची ही तऱ्हा. तिथे तर सव्वाशे वर्षे झालेली.

अशा शहराला या बुटक्या अर्जेंटिनी माणसाने १९८७ साली लीग जिंकून दिली आणि १९९० साली पुन्हा दिली. पहिल्या वेळी म्हणे कुणीतरी स्मशानाच्या भिंतीवर रंगवले होते की, 'काय चुकवलेत ते तुम्हाला ठाऊक नाही!' मेलेल्यांनाही बातमी कळवावी असे वाटायला लावणारा विजय साधा नसतो.

आणि मग १९९०चा विश्वचषक आला, तोही इटलीत. इटलीचा संघ पाच सामने खेळला. पाचही रोममध्ये, पाचही जिंकला, एकही गोल न खाता. उपान्त्य सामना अर्जेंटिनाशी पडला, आणि तो होता, पाच सामने रोमला खेळवल्यानंतर, नेपल्सला! कार्यक्रमपत्रिका तशीच छापलेली होती. ही कार्यक्रमपत्रिका करणारा माणूस आमच्या हेड ऑफिसातून तिकडे डेप्युटेशनवर गेलेला असावा, अशी मला दाट शंका आहे. सगळे सुरळीत चाललेले असताना नेमकी शेवटच्या घटकेला बदली करायची, हा हातखंडा दुसऱ्या कुणाचा असणार?

आता मॅराडोनाने काय केले? त्याने नेपल्सच्या लोकांना वर्तमानपत्रांतून सुनावले की, वर्षातले ३६४ दिवस हे लोक तुम्हाला परके समजतात, आणि आज एक दिवस म्हणतात, इटालियन व्हा. मी मात्र ३६५ दिवस नेपल्सचा आहे.

मी इथे चित्रपट थांबवायला लावला. कारण हे बोलणे मला ओळखीचे वाटले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, ज्या खात्यात तुम्ही १८६१ सालापासून एक पैसा भरला नाही, त्या खात्यावर एके दिवशी पैसे काढायची स्लिप घेऊन उभे राहायचे, याला काय म्हणतात? मॅराडोनाचा हिशेब पैशापर्यंत बरोबर होता. उणीव एकच, की तो हिशेब मांडणारा माणूस त्याच दिवशीचा प्रतिस्पर्धी होता. कर्ज मागणाऱ्यानेच जामीनदाराला त्याचे हित समजावून सांगावे, तशातला प्रकार. खरे असले तरी ऐकताना खिसा चाचपावासा वाटतो.

३ जुलैची ती संध्याकाळ. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. स्किलाचीने सतराव्या मिनिटाला इटलीचा गोल केला. सदुसष्टाव्या मिनिटाला कनिजाने डोक्याने बरोबरी केली आणि झेंगा या गोलकीपरचा ५१७ मिनिटे गोल न खाण्याचा विक्रम तिथे संपला. जादा वेळ झाला. मग पेनल्टी किक्स. दोनादोनी आणि सेरेना यांच्या किक्स अडवल्या गेल्या. मॅराडोनाने आपली मारली. ज्या गोलजाळीत सहा वर्षे त्याने नेपल्ससाठी चेंडू घातले, त्याच मैदानावर त्याने इटलीला घरी पाठवले. आणि घर म्हणजे तरी कुठे, ती घरातच होती.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढे पंचवीसएक माणसे बसली होती आणि मॅराडोनाची पेनल्टी जाळीत गेल्यावर मी शेजारच्या काकूंच्या स्टीलच्या डब्यावर नाचलो होतो. डबा चेपला. त्याचे पैसे आबांनी भरले. पण आपण नाचतो आहोत तेव्हा त्या मैदानात साठ-सत्तर हजार माणसे नेमके काय करत असतील, हा विचार माझ्या डोक्यात यायला पस्तीस वर्षे लागली.

इथेच माझी तक्रार आहे. हा चित्रपट म्हणतो की एका माणसात दोन माणसे होती: डिएगो नावाचा साधा मुलगा आणि मॅराडोना नावाचा मुखवटा. त्याचा व्यायाम घेणारा सिन्योरिनी हे सांगतो, आणि फार छान सांगतो. पण त्या रात्री त्या मैदानात ज्यांची खरोखर दोन शकले झाली ते प्रेक्षक होते, आणि त्यांच्याकडे हा चित्रपट गर्दी म्हणून बघतो. झेंडे, धूर, ओरडा, हात. संपल्यावर मला एकाही प्रेक्षकाचे नाव आठवेना. पाचशे तासांच्या फितींत एक तरी इसम असा सापडला नसता का, ज्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा पाच मिनिटे ठेवता आला असता?

माणूस कसा दुभंगतो ते मला ठाऊक आहे, म्हणून ही मागणी. कसे ते सांगायचे तर कोल्हापूरला यावे लागेल.

बाहेरच्या लोकांना कोल्हापूर म्हटले की चपला, मिसळ आणि कुस्ती आठवते. आमच्या फुटबॉलच्या संघांची नावे ऐकली तर ते कुस्तीचेच समजतील. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. शिवाय शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. प्रत्येक तालमीमागे पेठ, पेठेमागे घरे, घरांमागे वाडवडील. शाहू स्टेडियमवर सामना असला की दुपारपासून दुकाने ओस पडतात, आणि दोन तालमींमधला वाद इतका कडवा की हुल्लडबाजीमुळे सामने बंद ठेवायची पाळीसुद्धा आलेली आहे. माझी तालीम कोणती ते मी इथे लिहिणार नाही. मला उद्या काउंटरवर बसायचे आहे, आणि सगळ्या पेठांची खाती आमच्याच शाखेत आहेत.

पण विश्वचषक आला की हीच माणसे अर्जेंटिनाची आणि ब्राझीलची होतात. गल्लीत पताका लागतात, मेस्सीचा फ्लेक्स नगरसेवकाच्या फ्लेक्सपेक्षा उंच लागतो. आणि ब्राझील हरला तर? मग दुसऱ्या दिवशी तेच लोक आणखी कुणाचे तरी होतात. आमच्याकडे जॉइंट खाते उघडताना फॉर्मवर एक रकाना असतो, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. म्हणजे दोघांपैकी कुणीही खाते चालवावे, आणि एकजण गेला तर जो उरेल त्याने चालवावे. विश्वचषकातली आमची निष्ठा तशी आहे. जो उरेल त्याची. दुःख दोन तासांचे, सुतक नाही.

तालमीचे खाते मात्र तसे नाही. तिथे एकच नाव, एकच सही, आणि ती पिढ्यानपिढ्या बदलत नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, एका छापखान्यात कंपोझिटर होते. अक्षरे उलटी वाचायची सवय, त्यामुळे असेल, रेफरीचा प्रत्येक निर्णय त्यांना उलटाच दिसे. स्टेडियमवर त्यांची पायरी ठरलेली. समोरच्या तालमीत त्या काळी एक फॉरवर्ड होता. नाव सांगत नाही. आमच्या घरात त्याला 'पनवती' म्हणत. आमच्या तालमीविरुद्ध त्याने दोन हंगामांत तीन गोल केले होते, आणि त्यातल्या एका रात्री आबा जेवले नव्हते.

मी आठवीत असताना बाहेरगावचा एक तगडा संघ आला आणि त्याच्याशी कोल्हापूरच्या निवडक खेळाडूंचा सामना ठरला. निवडकांत पनवती होताच. आबा म्हणाले, "गावाची मॅच हाय, जायला पायजे." गेलो. सत्तर मिनिटे आमचे लोक नुसते मार खात होते. मग शेवटी शेवटी एक कॉर्नर मिळाला, तो पनवतीनेच मारला, आणि तो असा काही वळला की कुणाच्या पायाला न लागता सरळ आत गेला. सगळे स्टेडियम उभे. मीही उभा. टाळ्या, शिट्ट्या, टोप्या हवेत. मी खाली बघितले तर आबा बसलेले, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले. जणू सोडले तर ते आपल्या मर्जीने टाळ्या वाजवतील अशी भीती. तोंड मात्र इतके लाल, की ओरड गळ्यापर्यंत येऊन बसली आहे हे कुणीही ओळखावे.

घरी आल्यावर मोरीत पाय धुताना ते आईला म्हणाले, "आज पनवतीनं गाव राखलं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "उजव्या पायानं लंगडत होता जरा. रविवारी आमच्याशी खेळतोय का न्हाई कुणास ठाऊक."

आई म्हणाली, "मग बरंच की."

आबा एकदम तापले. "बरं काय त्यात? पायाशी वैर हाय का आपलं?"

रविवारी तो खेळला. आबांनी त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. पण लंगडत नाही हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत बघून घेतले होते, हे मी शपथेवर सांगतो.

तर असे मांडीखाली हात घेऊन बसलेले किती आबा त्या रात्री सान पाओलोत असतील? त्यांनी काय केले त्याची नोंद आहे. त्यांनी 'नेपल्सचे तुझ्यावर प्रेम आहे, पण आमची मायभूमी इटली आहे' अशा अर्थाचे फलक लावले. त्यांनी इटलीच्या बाजूने घोषणाही दिल्या. पण अर्जेंटिनाचे राष्ट्रगीत लागले तेव्हा त्यांनी शिट्ट्या मारल्या नाहीत. पाचच दिवसांनी रोमला अंतिम सामन्यात हेच राष्ट्रगीत शिट्ट्यांत बुडवले गेले आणि मॅराडोना कॅमेऱ्याकडे बघत ओठांनी शिव्या देत होता. दोन संध्याकाळींतला फरक एवढाच: एकीकडे शिट्टी वाजली, दुसरीकडे नाही वाजली. माझ्या मते त्या विश्वचषकातली सगळ्यात मोठी घटना ही न वाजलेली शिट्टी आहे. चित्रपटात ती ऐकू येत नाही असे नाही, पण दिग्दर्शक तिथे थांबत नाही. त्याला पेनल्टीकडे जायची घाई आहे.

दुसरी तक्रार हिशेबाची. त्यानंतर सगळी इटली मॅराडोनावर उलटली, मार्च १९९१ मध्ये त्याच्या तपासणीत कोकेन सापडले, पंधरा महिन्यांची बंदी आली आणि नेपल्स सुटले. चित्रपट असे सुचवतो की त्या पेनल्टीची ही किंमत वसूल केली गेली. तोवर पांघरूण घालणारे हात काढून घेतले गेले. तसे असेलही. पण दोन नोंदी एकाखाली एक आल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी झाली असे कोणताही ऑडिटर लिहून देणार नाही. व्हाउचर कुठे आहे? आणि कोकेन काही त्या पेनल्टीनंतर सुरू झाले नव्हते, हे तर हाच चित्रपट आधीचा तासभर दाखवत असतो.

हे सगळे मी पुतण्याला ऐकवले. तो म्हणाला, "काका, तुम्ही पिक्चर बघालाय का खतावणी?" मी म्हटले, ते राहू दे, तू मला एक सांग. २०१८ साली जूनमध्ये सुनील छेत्रीने लोकांना हात जोडले होते ते आठवते का? मुंबईत अंधेरीला भारताचा सामना चायनीज तैपेईशी झाला. भारत ५-० जिंकला, छेत्रीने तीन गोल केले, आणि बघायला माणसे होती २,५६९. एवढी तर आमच्याकडे सरावाला असतात. मग छेत्रीने चित्रफीत काढून सांगितले की, तुम्ही युरोपातल्या क्लबांचे भक्त आहात, आमचा खेळ त्यांच्या जवळपासही नाही हे कबूल. पण मैदानात या, शिव्या द्यायच्या तर तिथे येऊन द्या. पुढच्या केनियाशी झालेल्या सामन्याला मैदान भरले. तो त्याचा शंभरावा सामना होता.

पुतण्या गप्प झाला. मग म्हणाला, "तेव्हा सातवीत होतो मी. ते मलाच बोलालेत असं वाटलं होतं."

"मग?"

"मग काय? अंधेरीला कोण सोडणार होतं?"

"आणि आता? एकाच वेळी भारताची मॅच आणि लिव्हरपूलची मॅच असली तर कुठली लावशील?"

"तसं होत नाही काका. देशाच्या मॅचेस असतात तेव्हा क्लबला सुट्टी असते. फिफाचं कॅलेंडरच तसं आहे. खेळाडू सोडावेच लागतात."

बघा, म्हणजे याची परीक्षा कधी झालेलीच नाही! आठवडे वाटून दिलेले आहेत. एका आठवड्यात क्लबवर प्रेम करायचे, दुसऱ्या आठवड्यात देशावर, आणि दोन्ही कधी एका खोलीत येऊ द्यायचे नाहीत. जगातल्या कोट्यवधी भक्तांना 'क्लब मोठा की देश मोठा' असा वाद घालायला वेळ मिळतो तो यामुळेच. ज्याचे दोन्ही नातेवाईक एकाच दिवशी एकाच घरी मुक्कामाला आले आहेत, तो वाद घालत बसत नाही. तो पाणी आणायला आत जातो आणि आतच थांबतो. नेपल्सला त्या रात्री दोघे एकत्र आले. क्लबचा देव निळ्या पट्ट्यांच्या परक्या जर्सीत, आणि मायदेश समोर. आणि लोकांना आत जायला जागा नव्हती, सगळे तिकीट काढून बाहेरच बसलेले.

त्यांना कुणी फितूर म्हणते, कुणी भोळे म्हणते. रोममध्ये सामना असता तर इटली जिंकली असती, असे म्हणणारे तर पुष्कळ. मला त्यातले काहीच पटत नाही. आबांना मी फितूर म्हणू शकत नाही, तालमीचाही नाही आणि गावाचाही नाही. नेपल्सने पुढे २०२० साली मॅराडोना वारल्यावर काही दिवसांतच त्या मैदानाला त्याचे नाव दिले. म्हणजे ज्या मैदानावर त्याने इटलीला हरवले त्याच मैदानावर त्याच्या नावाची पाटी लागली, आणि ती इटलीच्याच एका नगरपालिकेने लावली. या नोंदीची कॉन्ट्रा एन्ट्री कुठे करायची, मला ठाऊक नाही.

पुतण्याला मी म्हटले, "ती पेनल्टी पुन्हा लाव."

त्याने मागे घेऊन लावली. मॅराडोना चालत येतो, चेंडू ठेवतो.

"थांबव."

"अजून मारली कुठं?"

"थांबव म्हणतो ना."

त्याने थांबवले. मी चष्मा काढून पुसला आणि स्क्रीनच्या जवळ गेलो. गोलच्या मागे प्रेक्षक खूप लांब आहेत. मध्ये धावपट्टी आहे, आणि चित्रफीत पस्तीस वर्षांपूर्वीची. नुसते ठिपके दिसतात. काही ठिपके उभे, काही बसलेले.

"काय बघालाय एवढं?" पुतण्याने विचारले. "गोल होणार आहे, माहीत आहे की तुम्हाला."

"गोल नाही रे. मागचे हात बघतोय."

त्याने माझ्याकडे बघितले, मग स्क्रीनकडे बघितले, आणि तोही पुढे सरकून ठिपके मोठे करायला लागला. मोठे केले की ते आणखीच फाटत होते. वरून वहिनींनी जेवायला हाक मारली. दोघांनीही ओ दिली नाही.